पाच मित्र, एक गाडी आणि गोव्याची ७०.३: सात महिन्यांत जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले पाच जण, चार मित्र आणि एक मैत्रीण, वयं ३८ ते ४४, सगळे नोकरदार. रविवारी टोळक्याने लोणावळ्यापर्यंत सायकल होते, अधूनमधून दहा किलोमीटर पळणंही होतं. पोहणं मात्र ‘दहा लॅप, तेही प्रत्येक लॅपनंतर कठडा धरून’. नोव्हेंबरात गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायची ट्रायथलॉन शर्यत, करायची आहे, सायकली गाडीवर टाकून सगळ्यांनी मिळून जायचं आहे आणि हातात सात महिने आहेत. जमेल का, सराव कसा करावा, नवी सायकल घ्यावी का आणि सायकली टपावर न्याव्यात की मागे लावून?

जमेल. पण पाचही जणांनी एकच शर्यत एकाच वेगाने करायची असं ठरवलं असेल तर जमणार नाही. नोकरी सांभाळून हा खेळ करणाऱ्यांना मी बरीच वर्षं शिकवतोय. टोळकं ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू असते आणि सराव बिघडतो तोही बहुतेक वेळा टोळक्यामुळेच. कुठे एकत्र राहायचं आणि कुठे सुटं व्हायचं एवढं नीट ठरलं, तर बाकीचं अंगवळणी पडतं.

आधी अंतर आणि वेळ. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल, म्हणून हे नाव. हवाईत १९७८ साली पहिली आयर्नमॅन, म्हणजे पूर्ण अंतराची ट्रायथलॉन, झाली तिच्या बरोबर निम्मी. गोव्यात ही शर्यत २०१९च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झाली, मिरामारच्या किनाऱ्यावर. ती सेनादलाच्या बिश्वरजीत सिंग सायखोमने पावणेपाच तासांच्या आत जिंकली होती. आपल्याला साडेआठ तास मिळतात. पोहण्याला १ तास १० मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपलेली हवी. त्या वर्षीची नियमपुस्तिका येईल तेव्हा हे आकडे एकदा ताडून घ्या.

आता हिशेब. पोहायला ५५ मिनिटं धरा. कपडे-बूट-हेल्मेटच्या पहिल्या बदलाला ८ मिनिटं. ताशी २५च्या वेगाने सायकल म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. दुसऱ्या बदलाला ६ मिनिटं. साडेसात मिनिटाला एक किलोमीटर या गतीने पळणं म्हणजे २ तास ३८ मिनिटं. झाले ७ तास २३ मिनिटं. यातला एकही आकडा अचाट नाही. कठीण काय आहे, तर हे सगळं एकापाठोपाठ करायचं, तेही गोव्याच्या दमट उन्हात.

आणि म्हणूनच एक आगाऊ सल्ला. या शर्यतीत रिलेही असते: एक पोहणार, एक सायकल चालवणार, एक पळणार. तुमच्यातल्या एकाचा गुडघा दुखरा आहे आणि एकाला पाण्याची भीती आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग दोघांनी वैयक्तिक आणि तिघांनी रिले का करू नये? पाण्याला घाबरणारा सायकल चालवेल, गुडघेवाल्याने पोहायचं. ‘केली तर पूर्ण, नाहीतर नाही’ हा बाणा मित्रांत छान वाटतो. पण दुखऱ्या गुडघ्याने सात महिन्यांत हाफ मॅरेथॉनचा सराव केला तर तो माणूस ऑगस्टमध्येच बाहेर बसतो आणि गोव्यात गाडी राखायला येतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, ईसीजी आणि त्यांनी सांगितली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यायची. यावर चर्चा नको.

पोहण्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण झोप उडते ती पोहण्यामुळेच. कठडा धरून दहा लॅप मारणाऱ्या माणसाचा दम कमी नसतो, त्याचा श्वास चुकत असतो. तोंड पाण्यात असताना तो श्वास रोखून धरतो आणि मान वर काढल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकाच झटक्यात उरकायला बघतो. पंचवीस मीटरमध्ये धाप लागते ती त्यामुळे. पाण्यात तोंड असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायचं उरतं. दुसरी चूक मानेची. समोर बघत पोहणाऱ्याचे पाय बुडतात, आणि बुडालेले पाय ओढत न्यायला दुप्पट ताकद लागते. नजर खाली तळाच्या टाइल्सवर ठेवा. पहिले दोन महिने अंतर मोजूच नका. एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे जा, मुलांच्या बॅचला शिकवणाराही चालेल, आणि लाज सोडून पुन्हा पहिल्यापासून शिका.

पुण्यातल्या तलावांची एक गंमत आहे. बहुतेक ठिकाणी बॅच पाऊण तासाची. १.९ किलोमीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात ७६ लांब्या, आणि त्या पाऊण तासात बसवायच्या तर शंभर मीटरला २ मिनिटं २२ सेकंदांचा वेग लागतो. नवशिक्याला तो नसतो, म्हणजे पूर्ण अंतर एका बॅचमध्ये होतच नाही. ऑगस्टपासून महिन्यातून एकदोनदा लागोपाठच्या दोन बॅचचे पैसे भरा, किंवा बालेवाडीसारखा पन्नास मीटरचा तलाव गाठा. शंभर मीटरला २ मिनिटं ५० सेकंद जमायला लागली की १.९ किलोमीटर ५४ मिनिटांत होतं. समुद्रात थोडं वाकडंतिकडं जाणारच, ते धरूनही तासाभरात बाहेर याल.

समुद्राचं मात्र वेगळं शिकावं लागतं. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असतं, स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. तलावातली तळाची काळी रेघ इथे नाही. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून पुढचा रंगीत बोया बघायचा, लगेच मान वळवून बाजूला श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. हे तलावातच घोटून घ्या. प्रत्येक लांबीत दोनदा समोरच्या घड्याळाकडे बघून पोहा. खारं पाणी तोंडात जाणार, कुणाची तरी लाथ लागणार, एखादी जेलीफिश चाटून जाणार, हे सगळं आधीच धरून चाला. पाणी कोमट असल्यामुळे वेटसूटचा, म्हणजे गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा, प्रश्न येत नाही. मानेला, काखेत आणि ट्रायसूटची (तिन्ही प्रकारांत अंगावर राहणाऱ्या एकाच घट्ट पोशाखाची) शिवण जिथे घासते तिथे व्हॅसलिन भरपूर लावा, नाहीतर पुढचे सहा तास मीठ आपलं काम करत राहतं.

खुल्या पाण्याच्या सरावासाठी खडकवासल्यात किंवा एखाद्या खाणीत उतरू नका. तळाशी गाळ, पाणवनस्पती, शेजारी मदतीला कुणी नाही, आणि दरवर्षी तिथे माणसं बुडतात. समुद्रात नारळी पौर्णिमेच्या आधी तर मुळीच नाही. कोळी नारळ अर्पण करून होड्या लोटतात तरी दर्या लगेच निवळत नाही. सप्टेंबर अखेरीला किंवा ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार काढून सगळे मालवण-तारकर्लीला किंवा थेट गोव्याला जा. जीवरक्षक असलेला किनारा निवडा, कंबरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधा, किनाऱ्याला समांतर पोहा आणि जोडीने पोहा. टोळकं इथे हवंच हवं. शर्यतीच्या सकाळी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा भेटता कामा नये. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, पण ती साधारण डिसेंबरात असते, म्हणजे तुमची शर्यत झाल्यावर. कोल्हापूरला राजाराम तलावातही ट्रायथलॉन झालेली आहे. अशी एखादी छोटी शर्यत आधी मिळाली तर जरूर करा. ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर एवढ्यानेसुद्धा ओल्या अंगावर मोजे चढवणं हा काय प्रकार आहे ते कळतं.

आता सायकल. शर्यत हातातून जाते ती इथे, आणि टोळक्याचा सगळ्यात जास्त त्रासही इथेच.

तुमचा रविवार कसा असतो ते मी सांगतो. सहाला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात जमणं, साडेसहापर्यंत उशिरा येणाऱ्याची वाट बघणं. मग जुन्या हायवेने सुसाट. जो दमदार तो पुढे, बाकीचे त्याच्या चाकामागे. कामशेतला चहा, लोणावळ्यात वडापाव आणि फोटो, येताना पुन्हा एक थांबा. घड्याळात ऐंशीच्या वर किलोमीटर आणि ताशी २७ची सरासरी दिसते. ती खरी मानू नका. एक म्हणजे थांबलात की घड्याळही थांबतं. दुसरं, पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवताना वारा तो कापतो आणि आपली चौथा ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. शर्यतीत हे चालत नाही. दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवायचं, पुढे जायचं असेल तर २५ सेकंदांत ओलांडून जायचं. नाहीतर पाच मिनिटं दंडाच्या तंबूत उभं राहावं लागतं. मित्राशेजारी गप्पा मारत चालवणंही नियमात बसत नाही. म्हणजे तुमची ताशी २७, एकट्याने, न थांबता आणि वारा अंगावर घेऊन चालवली की कदाचित २३ निघेल.

म्हणून रविवार असा बदला. निघायचं एकत्र, पण एकेक मिनिटाच्या अंतराने सुटायचं. प्रत्येक जण स्वतःच्या श्वासावर. तोंडातून सलग एक वाक्य बोलता येईल इतपतच जोर. थांबा नाही, पाणी, खाणं सगळं खोगिरावर बसून. मागे मोटार नाही हे बघून एक हात सोडून बाटली काढणं, पिणं, परत ठेवणं हेही शिकावंच लागतं. मिसळ परत आल्यावर, निगडीत. मिसळीला माझा विरोध नाही, मध्येच खाण्याला आहे. सिंहगड, दिवेघाट, बोपदेव यांची हौस महिन्यातून एकदा भागवा. गोव्याच्या रस्त्यावर चढउतार आहेत, पण घाट नाही. तिथे लागतो तो साडेतीन तास एकाच लयीत पाय फिरवत बसण्याचा चिवटपणा. घाटात शेवटच्या वळणावर मित्राला मागे टाकण्याची मजा वेगळी, तिचा इथे काही उपयोग नाही.

नवी सायकल? चांगल्या अवस्थेतली साधी रोडबाइक असेल तर नको. हायब्रिडवरही ही शर्यत पुरी करणारे असतात, पण पाठ आणि मनगटं बोलायला लागतात. ट्रायथलॉनच्या खास सायकलवर पैसे घालवण्याआधी ते बाइक-फिटवर, म्हणजे सायकल आपल्या अंगमापाला जुळवून घेण्यावर, घालवा. खोगीर एक-दीड सेंटिमीटर खालीवर असलं तरी नव्वद किलोमीटरनंतर गुडघा सांगतो. टायर नवे, शक्यतो २८ मिलिमीटरचे. पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे, मागच्या चाकाचंसुद्धा. शर्यतीत नसलेल्या कुणाकडून पंप घेतला तर बाहेरची मदत म्हणून बाद करू शकतात; सोबतचा स्पर्धक देऊ शकतो, पण तो नेमका तेव्हा जवळ असेल याचा भरवसा नाही. एका संध्याकाळी पाचही जण कुणाच्या तरी पार्किंगमध्ये बसा आणि प्रत्येकाने मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून दाखवा. जो दहा मिनिटांत करेल त्याचं पोहे-चहाचं बिल बाकीच्यांनी भरायचं.

खाण्यापिण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. दोन्ही बाटल्यांत ओआरएस कालवून लोक निघतात आणि साठाव्या किलोमीटरला पाय जड होतात. ओआरएस हे जुलाबात शरीरातलं पाणी भरून काढायचं औषध. एका लिटरला त्यात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. सोडियम भरपूर, इंधन नाही. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, पोटाला सवय असेल तर त्याहून जास्त. बाजारात पुड्यांत मिळणारे गोड एनर्जी जेल महाग आणि काहींना पचत नाहीत. आपल्याकडचं लिंबू सरबत घ्या: पाऊण लिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, सपाट पाव चमचा मीठ. मिठातून पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ही एक बाटली तासाला. सरबताचा कंटाळा आला तर एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू हेही चालतं. शेंगदाण्याची चिक्की चवीला झकास, पण तेलामुळे पचायला वेळ लागतो, ती शर्यतीनंतर. हे सगळं जूनपासून प्रत्येक लांब सायकलीत करून बघा. पोटालाही सराव लागतो. आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका. सात तास घाम गाळून फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ होते, डोकं गरगरतं, आणि माणूस ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पितो.

पळण्याबद्दल फार लिहीत नाही, दहा किलोमीटर तुमचे होतातच. आठवड्याला तीनदा पळा, त्यातलं एक लांब. लांबचं हळूहळू अठरापर्यंत न्या. एकदा टेकडीवर जा, वेताळ टेकडी किंवा तळजाई, मांड्या तयार होतात. नवं आहे ते फक्त सायकलवरून उतरून लगेच पळणं. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय आपले नाहीत असंच वाटतं. ती निघून जातात, फक्त तेवढ्यात वेग वाढवायचा नाही. जुलैपासून दर रविवारी सायकल ठेवून वीस मिनिटं पळा, पुढे चाळीस.

आठवड्याला आठ ते दहा तास लागतील. तीन पोहणं, तीन सायकल, तीन पळणं, आणि एक दिवस काहीही नाही. तो रिकामा दिवस सरावाचाच भाग आहे, त्या दिवशी ‘थोडं जिम’ करायचं नाही. खरी कसरत कॅलेंडरची असते. जून ते सप्टेंबर पाऊस. मुसळधार दिवशी हायवेवर जाऊ नका, घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, दीड तास पुरेसा होतो. मग गणपती. तुमच्यातला एक जण ढोलपथकात आहे म्हणता. दोन महिने संध्याकाळी ढोल कंबरेला बांधून वाजवणारा माणूस सकाळी पोहायला येतो तेव्हा त्याचे खांदे आधीच संपलेले असतात. त्याला ढोल सोडायला सांगू नका, ऐकणार नाही. त्या काळात त्याचं पोहणं आठवड्याला दोनदा आणि फक्त तंत्रापुरतं ठेवा. पुढे नवरात्र, पुढे दिवाळी. फराळ नेमका शर्यतीआधी सराव कमी करत आणायच्या आठवड्यांत येतो. ऑक्टोबर हीट मात्र वाया घालवू नका. शेवटचे दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनतीनदा सकाळी दहाच्या उन्हात पाऊण तास हळू पळा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटे पाचच्या गारव्यात केलेला सगळा सराव गोव्यात दुपारी बाराला उपयोगी पडत नाही. आणि घरच्यांना एप्रिलमध्येच बसवून सगळं सांगा. सात महिने रविवार सकाळ तुमची, तर शनिवार संध्याकाळ पूर्णपणे त्यांची.

आता तुमचा आवडता विषय, गाडी. पुण्याहून पणजी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. निपाणी-संकेश्वरवरून आजरा, आंबोली, सावंतवाडी. किंवा बेळगाववरून चोर्ला घाट, साखळी. सायकली वर असतील तर मला आंबोलीचा रस्ता बरा वाटतो. चोर्ल्याची अवस्था पावसाळ्यानंतर कशी आहे ते निघायच्या आठवड्यात कुणाला तरी विचारून घ्या. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामांनी वळसे लागतात, म्हणून वेळेचा अंदाज ॲपपेक्षा दोन तासांनी वाढवून धरा. शर्यत रविवारी असेल तर गुरुवारी पहाटे निघा. शुक्रवारी निघणारे रात्री पोहोचतात आणि शनिवारचा सगळा दिवस नोंदणी, सूचनांची बैठक आणि सायकल जमा करण्याच्या रांगेत उभे राहण्यात जातो.

पाच माणसं आणि पाच सायकली एका गाडीत सुखाने बसत नाहीत. सात आसनी गाडी, मागची रांग पाडलेली, दोन सायकली चाकं काढून आत आणि तीन मागच्या रॅकवर, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. टपावरच्या सायकलींनी वारा अडतो, डिझेल जास्त जळतं. आणि मोठी भीती म्हणजे हॉटेलच्या किंवा मॉलच्या पार्किंगचा आडवा बार. दिवसभर चालवून दमलेला माणूस वर सायकली आहेत हे विसरतो, आणि हँडल, टप, बार तिन्हींचा हिशेब होतो. टपावरच न्यायच्या असतील तर स्टिअरिंगवर ठसठशीत कागद चिकटवा: ‘वर सायकल!’ मागच्या रॅकवर असतील तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत हे बघा. सायकल आत ठेवताना साखळीची बाजू वर ठेवायची, मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कशावरही टेकता कामा नये. त्याचा हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो ती छोटी पट्टी, जराशी वाकली की गिअर उड्या मारतात आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी तो सुटा भाग पणजीत शोधत फिरावं लागतं. एक जादाचा हँगर जवळ ठेवा, आपल्याच मॉडेलचा. डिस्क ब्रेकची चाकं काढली असतील तर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात. प्रत्येक टोलनाक्यानंतर कुणीतरी उतरून रॅकचे पट्टे ओढून बघायचे. काम कंटाळवाणं आहे, पाळी लावून घ्या.

जाताना जेवण साधं ठेवा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा येताना. राहायची जागा मिरामार, ताळगाव किंवा पणजीतच घ्या. टोळक्यात कुणीतरी बागा-कळंगुटचा आग्रह धरणार, त्याला तिथे सोमवारनंतर न्या. शर्यतीच्या पहाटे रस्ते बंद होतात, आणि मांडवी ओलांडून येण्याची धाकधूक कशाला? खोलीत इलेक्ट्रिक किटली न्या. पहाटे चारला हॉटेलचं स्वयंपाकघर उघडं नसतं. शर्यतीच्या तीन तास आधी रोजचंच काहीतरी खा, पोहे, उपमा किंवा ब्रेड-जॅम. आदल्या दिवशी दुपारी साबुदाण्याची खिचडी चांगली, दाण्याचं कूट हात राखून. रात्री वरणभात. सुरमई बघून मन चळेल, पण किनाऱ्यावरचं मासळीचं ताट रविवारी रात्री.

शर्यतीत पाण्यात सगळे एकदम उतरत नाहीत, आपल्या अंदाजी वेळेनुसार रांगेत उभं राहून थोडेथोडे सोडतात. तुमची मैत्रीण सगळ्यात चांगली पोहते म्हणता, तिने तुमच्यासाठी मागे थांबू नये, आणि तुम्ही तिच्याबरोबर पुढे उभे राहू नका. बाहेर आल्यावर सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, आणि सायकल परत अडकवल्याशिवाय सोडायचा नाही. घाईत हा नियम मोडतो. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर पाय हलके वाटतात, मित्र दिसतो, त्याला गाठावंसं वाटतं. नेमकं तेव्हाच हात आवरा. सायकलवर वाचवलेली दहा मिनिटं पळताना अर्धा तास होऊन वसूल होतात. दोना पावलाच्या बाजूला ऊन डोक्यावर आल्यावर जे चालत असतात, ते बहुतेक सायकलवर भारी चाललेले असतात. पळताना प्रत्येक पाणवठ्यावर तीसेक सेकंद मुद्दाम चाला: एक कप पोटात, एक डोक्यावर, बर्फ टोपीत. थंडी वाजणं, घाम थांबणं, जीभ अडखळणं यातलं काहीही झालं तर थांबून वैद्यकीय तंबूत जायचं, पदक गेलं तरी चालेल.

आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचं नाही. सोमवारच्या रजेचा अर्ज टाकलेला नसेल तर टाका. रात्री घाटात क्लच दाबताना पोटरीत गोळा आला तर पाचही जणांचा जीव एका पायावर असतो. गोव्यात बिअर स्वस्त आहे हे मला माहीत आहे. आधी मीठ-पाणी-जेवण, मग ती, आणि सोमवारी गाडी चालवणाऱ्याने बेताने.

घरी पोहोचल्यावर सायकल तशीच गॅलरीत टाकू नका. खाऱ्या हवेने आणि अंगावरून ठिबकलेल्या समुद्राच्या पाण्याने आठवड्यात बोल्टांना गंज धरतो. गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, साखळी पुसून तेल द्या, हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) आणि पेडलचे मळसूत्र उघडून ग्रीस करून घ्या.

पुढचं विचारायचं असेल तर पाचही जणांची न थांबता शंभर मीटर पोहण्याची वेळ, एकट्याने आणि न थांबता चालवलेल्या ४० किलोमीटरची वेळ, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहा. त्यावरून कुणी वैयक्तिक शर्यत करावी आणि कुणी रिले, ते सांगतो.